टाकीच्या पाण्यावरची दहा झाडे

मिस आयोनी ब्लेग्रोव्ह यांच्याकडे लोक आजारी झाडांची पाने घेऊन येत. कोणी ते पान वर्तमानपत्रात गुंडाळून आणी, कोणी टोपीत घालून, तर कोणी बायबलात दाबून. बायबलातले पान त्या हातातही घेत नसत. "हे वाळलंय. मेलेल्याचा ताप कसा बघू?" असे म्हणून त्या माणसाला परत पाठवीत.

जमैकाच्या दक्षिणेकडील आमचे गिनी पेन हे गाव कोरडे आहे. माती लाल, वारा खारा आणि पाऊस मोजका. टरबूज, कांदा आणि गांजा ही तीन पिके येथे मनापासून येतात. त्यांतील गांजाच्या झाडाचे दुखणे ओळखणे हे मिस आयोनी यांचे काम होते. ते त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. मी त्यांचा शेजारी ओबेड पार्चमेंट; चर्चमध्ये जाणारा, म्हणून गावात मला ब्रदर ओबेड म्हणतात. आमच्या दोन अंगणांमध्ये तारेचे एकच कुंपण आहे, आणि त्याला चाळीस वर्षांपासून माणूस जाईल एवढे भोक आहे. पुढे जे घडले त्यात माझ्या हातांचा वाटा आहे, म्हणून ते जसे घडले तसेच मी लिहीत आहे.

त्यांची पद्धत अशी होती. झाड समोर ठेवले तरी त्या आधी मालकाला प्रश्न विचारीत. पाणी शेवटचे केव्हा घातले, किती घातले, खत कोणते दिले आणि खोटे किती बोललास. त्यानंतर ज्या बादलीत झाड लावले असे ती त्या दोन्ही हातांनी उचलून वजन पाहत, मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालीत, ते बोट नाकाशी नेत, आणि मगच पानांकडे वळत.

गावातील सीबर्ट हा गाढवे पाळणारा गृहस्थ एकदा झाड घेऊन आला, तेव्हा मी तेथेच होतो.

"मिस आयोनी, तहानलंय हो हे. पानं बघा कशी लोंबतायत. मी दिवसातून तीनदा पाणी घालतो तरी!"

"तीनदा?"

"कधी चारदा. जीव आहे माझा ह्याच्यावर."

"बायकोवरही एवढाच जीव आहे का रे?"

"आहे की. का बरं?"

"मग तिला सांगायला हवं, पोहायला शीक म्हणून."

सीबर्ट हसला नाही. मिस आयोनी यांनी त्याला बादली उचलायला लावली. "तहानलेलं झाड कोंबडीएवढं हलकं लागतं. हे डुक्कर आहे, डुक्कर. आणि पान चिमटीत धर. तहानलेल्याचं पान जुन्या फडक्यासारखं पातळ होतं. हे कसं टरटरून फुगलंय! मुळांना श्वास नाही. आठ दिवस ह्याच्याकडे बघूसुद्धा नकोस."

"बघू पण नको?"

"तू बघितलंस की तुझा हात झारीकडे जातो."

ते झाड जगले. अशी अनेक झाडे जगली. पानांविषयी त्या सर्वांना एकच गोष्ट सांगत, आणि ती मला पाठ झालेली आहे. "खालची पानं पिवळी पडली तर समज, आई आपल्या ताटातलं पोरांना देतेय. झाड उपाशी आहे, खत घाल. वरची कोवळी पानं पिवळी पडली तर घरात असलेलं पोरांपर्यंत पोचतच नाहीये. तिथं खत ओतून उपयोग नाही, वाट कुठं अडली ते शोध. आणि टोकं करपली असतील, तर तू त्याला वाजवीपेक्षा जास्त चारलंस."

हे ज्ञान त्यांना कोठून मिळाले, ते सांगणे आवश्यक आहे. तरुणपणी त्या (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिस म्हणतात) आणि त्यांचे घरधनी विबर्ट उत्तरेकडील डोंगरांत, लोकांच्या नजरेआड, गांजाचे एक शेत करीत. तेव्हा कायद्याने एक रोपही ठेवता येत नसे. तेथे पाणी नव्हते. मिस आयोनी पहाटे रॉकेलच्या डब्यात पाणी भरून तो डोक्यावर घेत आणि दीड तास चढत. "जी पाणी डोक्यावरून नेते, तिला झाडाला किती लागतं ते कळतं," असे त्या म्हणत. "नळवाल्यांना काय कळणार?" एका वर्षी हेलिकॉप्टर आले, त्यातून माणसे उतरली, आणि शेत जाळले गेले. विबर्ट दीड वर्ष तुरुंगात राहिले. परत आले ते छातीत खोकला घेऊन, आणि तिसऱ्या वर्षी गेले. त्यांच्या मागे शेत राहिले नाही, मूल नव्हतेच. एका औषधाच्या बाटलीत लाकडाच्या राखेत ठेवलेले त्या शेताचे बी तेवढे राहिले.

गावात त्याला विबर्टचे बी म्हणत. उंच, सडपातळ, बोटांसारख्या बारीक पानांचे ते झाड असे, आणि आता ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते. डोंगरातील इतर सर्वांनी परदेशातून आलेले बुटके बी धरले होते. मिस आयोनी दर तीन वर्षांनी विबर्टचे बी पेरून नवे बी करीत आणि पुन्हा बाटलीत ठेवीत. गुडघे दुखू लागल्यावर त्यात खंड पडला. पाच वर्षे तशीच गेली. मग जुलै महिन्यातील वादळाने त्यांच्या स्वयंपाकघराचे छप्पर उडवले, बाटली फुटली, आणि बी चार दिवस चिखलात भिजत पडले. आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून ते वेचले. दोनशेच्या आसपास दाणे मिळाले. बहुतेकांना बुरशी लागली होती. ऑक्टोबरात सर्व पेरले, त्यांतले दहा उगवले.

हे दहा फुलले आणि त्यांच्यात नर व मादी दोन्ही निघाले, तरच ते बी पुढे राहणार होते. पेरायला दुसरा दाणा उरला नव्हता.

कायदा बदलल्यापासून आमच्याकडे घरटी पाच झाडे चालतात. म्हणून पाच बादल्या त्यांच्या अंगणात ठेवल्या आणि पाच माझ्या. बादल्यांवर एक ते दहा आकडे मी पांढऱ्या रंगाने स्वतः लिहिले. दोन वर्षांपूर्वी मला आकडे लिहिता येत नव्हते.

"पाणी कुठलं घालायचं, मिस आयोनी?" मी विचारले.

"तळ्याचं नको. सीबर्टची गाढवं त्यात काय काय करतात ते सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग टाकीचं?"

"टाकीचं. मी पिते तेच."

गावातील इतर सर्व झाडांना तळ्याचे हिरवट पाणी मिळे. या दहांना छपरावरून टाकीत उतरलेले स्वच्छ पाणी मिळू लागले. डिसेंबरपर्यंत ती कमरेएवढी झाली आणि इतकी हिरवी होती की मी प्रार्थनेला जाताना मुद्दाम भोकातून वळसा घेऊन जात असे.

नाताळापूर्वी आमच्या गावात सर्व काही चुन्याने पांढरे करतात. वडिलांच्या कबरी, फाटकापाशी मांडलेले दगड, आंब्याचे बुंधे आणि पाण्याची टाकी, यांना चुन्याचा हात दिल्याशिवाय नाताळ येत नाही. मिस आयोनी यांची टाकी दरवर्षी मीच रंगवतो. या वर्षी वादळाने टाकीला चीर पडली होती. मी टाकी रिकामी केली, चीर सिमेंटने भरली, आणि बाहेरून एक हात देऊन थांबलो नाही. झाडे त्या पाण्यावर होती, म्हणून मी आत उतरून भिंतींना आणि तळाला चुन्याचे तीन हात दिले. आतून चुना दिला की पाणी निर्मळ राहते, असे माझे वडील सांगत. एकोणीस डिसेंबरला पाण्याचा ट्रक आला आणि टाकी भरली. पाण्याला थोडी चव आली होती. परंतु मिस आयोनी पाणी पीत ते रानकारल्याच्या पाल्याचा काढा करून, आणि त्या कडू काढ्यात दुसरी चव कळत नाही.

नाताळ उलटताच शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा मात्र हिरव्या राहिल्या. एखाद्याने हिरव्या दोऱ्याने पिवळ्या कापडावर जाळे विणावे, तसे ते दिसे.

मिस आयोनी यांनी बादली उचलली. वजन योग्य होते. बोट घातले, वास घेतला. "माती बरी आहे. वरून सुरुवात, शिरा हिरव्या. लोखंड पोचत नाहीये."

त्यांनी गंजलेले खिळे गोळा करायला सांगितले. टाकीचे पाणी डब्यात घेऊन खिळे तीन दिवस भिजत ठेवले. एरवी असे पाणी चहासारखे लाल होते. या वेळी रंग वर चढला नाही, तपकिरी गाळ तेवढा तळाशी बसला. आम्ही दोघांनी ते पाहिले. त्यावर विचार केला नाही.

खिळ्यांचे पाणी आठवडाभर घातले. पिवळेपणा दुसऱ्या पानांवर उतरला.

त्याच दिवसांत मिस ब्रॉमफील्ड येऊन गेल्या. त्या खालच्या सपाटीवरील परवानाधारक मळ्यात झाडांची तपासणी करतात आणि शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "मिस आयोनी, मीटर घेऊन येऊ का मी? दोन मिनिटांचं काम आहे."

"मातीत बोट घालायला मला बॅटरी लागत नाही, बाळ."

"तुमचं बोट चुकतं असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

मिस ब्रॉमफील्ड यांनी काढा घेतला आणि त्या गेल्या.

नंतर मिस आयोनी यांना वाटले की माती थकली असावी. गुहेतून आणलेली वटवाघळांची विष्ठा त्यांनी पाण्यात कालवली आणि प्रत्येक बादलीला एक वाटी दिली. हे खत फार जहाल असते, हे त्यांना माहीत होते. त्यांनी नेहमीच्या निम्मेच दिले. पाच दिवसांत सर्व पानांची टोके करपली आणि पाने पक्ष्याच्या नखांसारखी खाली वळली.

"मी जास्त चारलं," त्या म्हणाल्या.

"निम्मंच दिलंत तुम्ही."

"आजाऱ्याला निम्मंही जास्त होतं. आता धुवून काढू या. एका बादलीला तीन बादल्या पाणी. सावकाश, ब्रदर ओबेड. तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत."

मी तीस बादल्या वाहिल्या. आयुष्यात इतक्या काळजीने मी कधी पाणी घातले नव्हते. प्रत्येक बादलीच्या तळातून पाणी येताना मी ओंजळीत धरून पाहत होतो, आणि ते स्वच्छच येत होते.

चार नंबर प्रथम गेला. नंतर नऊ आणि एक एकाच दिवशी.

त्या आठवड्यात सीबर्ट कुंपणाशी येऊन उभा राहिला. "मिस आयोनी, माझ्या झाडांचा रंग बघायला या एकदा! गाढवाच्या पाण्यावर कशी डोलतायत. ब्रदर ओबेड, तुमच्यांना चर्चमधलं पाणी पाजताय की काय?"

"तुझ्या झाडांना चव नाही," मिस आयोनी म्हणाल्या. "मिळेल ते पितात. मालकावर गेलीत."

तो हसला, मीही हसलो. उत्तर त्याच्या तोंडून आमच्यापुढे येऊन पडले होते, आणि आम्ही त्यावर हसलो.

याच सुमारास तीन आणि सात या दोन झाडांच्या पेरांवर गोल कळ्या दिसू लागल्या. त्या नराच्या होत्या. इतर लोक असे झाड दिसताच उपटून टाकतात, कारण नराचा पराग मादीवर पडला की तिच्या फुलोऱ्यात बी धरते, आणि बी असलेला गांजा कोणी आवडीने घेत नाही. मिस आयोनी यांनीही जन्मभर नर उपटले, बी धरण्याचे वर्ष तेवढे सोडून. त्या सात नंबरपुढे बराच वेळ वाकून उभ्या राहिल्या. "आला बाबा," त्या म्हणाल्या. "उशिरा आला, पण आला." तीन नंबर चार दिवसांनी वाळला. सातच्या कळ्या बंद होत्या. त्या उमलायला दोन आठवडे हवे होते.

आठ नंबर शनिवारी गेला. रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांच्याकडे जेवलो. भात, वाटाणे आणि बकऱ्याचे मटण होते. नाताळात अंबाडीच्या लाल बोंडांचे आले घातलेले जे सरबत आम्ही करतो, त्याचा शेवटचा पेला त्यांनी मला दिला, आणि सरबताचा काचेचा जग विसळण्यासाठी टाकीच्या तोटीखाली धरला.

त्या तशाच उभ्या राहिल्या.

"ब्रदर ओबेड. इकडे ये."

जगाच्या तळाशी सरबताचा थोडा लाल गाळ होता. त्यावर पाणी पडल्यावर तो फिकट लाल व्हायला हवा होता. तो दौतीतल्या शाईसारखा निळसर काळा झाला होता. त्यांनी लिंबू कापून त्यात पिळले. रंग पुन्हा लाल झाला. वर पाणी घातले. पुन्हा निळा.

"टाकीला किती हात दिलेस?"

"तीन."

"आतून?"

"आतून." मग मी म्हणालो, "झाडांसाठीच दिले, मिस आयोनी."

त्यांनी जग पालथा ठेवला. "चुन्याची निवळी पाजली आपण त्यांना. महिनाभर. आणि मी ती धुवून काढली, तीही निवळीनंच." मग त्या म्हणाल्या, "रोज मातीत बोट घातलं. पाण्यात एकदाही नाही घातलं."

मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

सोमवारी त्यांनी स्वतःच मिस ब्रॉमफील्ड यांना बोलावले. पाणी किती आंबट, किती चुन्याचे ते सांगणारा मीटर टाकीच्या पाण्यात धरल्यावर आकडा साडेदहाच्या वर गेला. "साडेसहाच्या आसपास हवा," मिस ब्रॉमफील्ड म्हणाल्या. "असं पाणी असलं की मातीत लोखंड असूनही मुळांना उचलता येत नाही. खिळ्यांचा गंज खाली बसला तो त्यामुळेच. आणि जितकं तुम्ही धुतलंत, तितकं..." त्या थांबल्या.

"बोल. म्हातारी झाले, बहिरी नाही झाले."

"तितका चुना आणखी आत गेला."

त्या दिवसापासून मी तळ्याचे पाणी आणू लागलो. प्रत्येक बादलीत एका आंबट संत्र्याचा रस पिळत होतो. मिस आयोनी चमच्याने घालावे तसे थोडे थोडे घालीत. दोन, पाच, सहा आणि दहा यांना दहा दिवसांनी नवे पान हिरवे आले. सात नंबरला आले नाही. आम्ही बादली आडवी करून मुळे पाहिली. ती तपकिरी झाली होती, आणि ओढताच त्यांची साल हातात येत होती. तरीही मिस आयोनी यांनी ते झाड पुन्हा मातीत उभे केले, त्यावर जुन्या चादरीची सावली धरली, आणि दर तासाला पानांवर पाणी शिंपडले. एकतीस जानेवारीला सात नंबर गेला. त्यांनी कळ्यांची फांदी कापून आत नेली आणि सुईने एकेक कळी काळ्या बशीत उघडली. आतले सर्व हिरवे आणि ओले होते. पिवळी भुकटी कोठेही नव्हती.

आता उरलेल्या चारांतून एक तरी नर निघावा, एवढीच आशा होती. मी त्यासाठी उपास केला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चारही झाडांच्या पेरांवर पांढरे केस फुटले. चारही माद्या होत्या.

मिस ब्रॉमफील्ड यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला फांद्या लावण्याचा. मिस आयोनी यांनी आठ फांद्या स्वतः कापून दिल्या. झाडे दुबळी होती आणि फुलावर आली होती, त्यामुळे एकाही फांदीला मूळ फुटले नाही. दुसरा मार्ग त्यांनी दाराशी उभ्या राहून सांगितला. "आमच्याकडे चांगल्या नराचा पराग आहे. आज आणते. निम्मं तरी राहील."

"कोणाचं निम्मं?"

"विबर्ट काकांच्या बियाचं."

"आणि निम्मं त्या बुटक्याचं. पुढच्या वर्षी त्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. नको गं. हळूहळू पुरायचं असेल तर एकदाच पुरलेलं बरं."

मी मध्ये पडलो. "मिस आयोनी, काहीच नसण्यापेक्षा..."

"ब्रदर ओबेड, तुझं एक मत मी टाकीत घेतलंय."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. परंतु त्यानंतर मी त्या विषयावर बोललो नाही.

एक शेवटचा उपाय त्यांना माहीत होता. मादी झाडाला मरणाची भीती घातली, तर क्वचित ती स्वतःच्या फुलोऱ्यात एखादे नराचे फूल काढते. इतर शेतकरी या गोष्टीला भितात, आणि मिस आयोनी लोकांना तिच्यापासूनच वाचवीत आल्या होत्या. त्यांनी चौघींपैकी सर्वांत सशक्त झाड निवडले. ते दोन नंबर होते. त्याचे पाणी तोडले. रोज सकाळी त्या बादली उचलून पाहत. पूर्वी त्या उचलीत ती झाडाला पाणी हवे का ते कळण्यासाठी. आता त्या पुरेसे हलके झाले का ते पाहत होत्या.

"आणखी एक दिवस," त्या म्हणत.

पाने फडक्यासारखी झाली. मग त्यांनी एकदम इतके पाणी घातले की माती तुंबली, आणि पुन्हा तोडले. मला ते पाहवत नसे, तरी मी रोज जात असे, कारण बादली उचलताना आता त्यांना कोणाचा तरी हात लागे. मार्चच्या सुरुवातीला फुलोऱ्यात केळ्याच्या आकाराचे एक बारीक पिवळे टोक दिसले. मिस आयोनी श्वास रोखून कोंबडीचे पीस घेऊन आल्या. त्यांनी त्या टोकावरून पीस फिरवले आणि उन्हात धरून पाहिले. पिसावर काहीही नव्हते. टोक नखाने उघडले, तर आत सुकलेली पोकळी होती. दोन नंबर त्याच आठवड्यात मेला.

"दुसरं घेऊ या का?" मी विचारले.

"नाही. उरलेल्या तिघींना नाही छळणार."

त्या तिघींना त्यांनी शेवटपर्यंत उत्तम पाणी घातले. मार्च संपताना त्या कापल्या आणि सावलीत टांगल्या. दोन आठवड्यांनी मिस आयोनी ओसरीवर पांढरी मुलाम्याची थाळी मांडीवर घेऊन बसल्या आणि एकेक बोंड बोटांनी चोळू लागल्या. कोठून तरी, कोणाच्या तरी अंगणातल्या वाऱ्यावरून एखादा दाणा धरला असेल का, ते त्या पाहत होत्या. तो विबर्टचा निघाला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी थाळी धरून बसलो होतो.

सीबर्ट फाटकातून आत आला, वाकला, आणि त्याने थाळीतले थोडे चिमटीत घेऊन उजेडात धरून पाहिले.

"एक बी नाही!" तो म्हणाला. "मिस आयोनी, बेटावर दुसरीकडे असा माल नसेल. सगळी बोंडं चोळलीत? एकातसुद्धा नाही?"

"अजून चार राहिलीत," मिस आयोनी म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचे बोंड उचलले.